पाच वर्षांच्या मुलाला विशेषणं कशी शिकवायची? आधी त्याचं काम अडू द्या

तुम्ही लिहिलंय की मुलगा पाच वर्षांचा, इंदूरलाच इंग्लिश मीडियममध्ये केजी टूला, घरी मराठी पण खाली सोसायटीत आणि शाळेच्या व्हॅनमध्ये पूर्ण हिंदी, आणि कुठल्याही गोष्टीबद्दल विचारलं की एकतर 'छान' नाहीतर 'मस्त', फार तर 'मोठावाला', 'लालवाला', वर 'मोठी घर' आणि 'चांगली चहा'. शाळेतून विशेषणांची वर्कशीट आली ती त्यानं पाठ केली पण बोलण्यात त्यातला एकही शब्द येत नाही. आणि जाता जाता तिसरीतल्या मोठ्या मुलीचंही विचारलंय, की तिच्या निबंधात आई सुंदर, शाळा सुंदर, गाय पण सुंदर. दोन्हीचं उत्तर देते, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे 'मोठावाला दे' म्हणणाऱ्या मुलाला विशेषण येतं. त्याच्यासमोर दोन डबे आहेत, त्यातला एक हवाय, कुठला ते त्यानं तुम्हाला बरोब्बर कळवलं, म्हणजे विशेषणाचं जे मुख्य काम, चारातून एक वेगळं काढून दाखवणं, ते त्यानं केलं. 'वाला' दिवसभर कानावर पडतो म्हणून जोडला, पण त्याच्या आधीचा 'मोठा' त्यानं स्वतः निवडलाय. म्हणून 'वाला म्हणू नकोस' असं टोकत बसू नका, टोकलं की मूल शब्दच गिळून टाकतं आणि नुसतं बोट दाखवायला लागतं, मग तुमच्या हातात काहीच राहत नाही. 'मोठावाला हवा का, हा घे मोठा डबा' एवढं म्हणायचं आणि डबा द्यायचा.

बालवाडीतल्या मुलांबरोबर इतकी वर्षं काम केल्यावर माझं ठाम मत झालंय की विशेषण तेव्हाच तोंडात बसतं जेव्हा त्याच्यावाचून काम अडतं. नामाला हे आपोआप मिळतं, 'चेंडू' शब्द नसेल तर चेंडू मागता येत नाही. विशेषणाला ते मिळत नाही. वर्कशीटवर एकच हत्ती काढलेला असतो आणि त्याच्याखाली 'मोठा' लिहायचं, आता तिथे एकच हत्ती आहे, मोठा म्हणा नाहीतर म्हणू नका, कुणाचं काय अडलं? मूल ते पाठ करतं, गुण मिळवतं आणि विसरतं. त्यापेक्षा ओट्यावर एकसारख्या दोन वाट्या ठेवा, स्टीलच्या, एकाच घाटाच्या, फक्त एक लहान एक मोठी, आणि त्याला म्हणा जा वाटी घेऊन ये. तो विचारेल कुठली. झालं, हा 'कुठली' आला की विशेषणाला जागा तयार झाली. वस्तू दोन हव्यात, बाकी सगळं सारखं हवं, फरक एकाच गोष्टीचा हवा. लाल प्लास्टिकची मोठी वाटी आणि स्टीलची छोटी वाटी ठेवलीत तर त्याला कळणार नाही की तुम्ही रंगाबद्दल बोलताय, धातूबद्दल की आकाराबद्दल, आणि बहुतेक मुलं तिथेच कन्फ्यूज होतात.

आणि वस्तूचं नाव त्याला आधीपासून पक्कं माहीत हवं. नवीन वस्तू आणि नवीन विशेषण एकदम दिलं की लहान मूल विशेषणालाच वस्तूचं नाव समजतं. खरवडणी दाखवून 'ही बघ धारदार' म्हटलं तर त्याच्या लेखी त्या वस्तूचं नाव धारदार.

आता इंदूरच्या घरांसाठी जे सगळ्यात उपयोगी पडतं ते सांगते, कारण हे मला महाराष्ट्रातल्या पुस्तकांमधून नाही तर इथल्या मुलांकडूनच समजलं. मराठीत विशेषणं दोन प्रकारची. एक, आकारान्त, म्हणजे शेवटी 'आ' असलेली, जी नामाप्रमाणे बदलतात, मोठा चमचा, मोठी वाटी, मोठं ताट. दुसरी, जी कशीही फिरवा तशीच राहतात, गोड आंबा, गोड जिलबी, गोड केळं. आपली मुलं अडखळतात ती पहिल्या प्रकाराला, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाहीच, आणि जी नामं दोन्ही भाषांत आहेत त्यांचं लिंगही कित्येकदा वेगळं. आणि आपण शिकवायला सुरुवात नेमकी कुठून करतो तर मोठा-लहानपासून, म्हणजे सगळ्यात अवघड टोकापासून. माझा क्रम उलटा आहे. चवीचे सहा शब्द घ्या, गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट, सहाच्या सहा न बदलणारे! स्पर्शाचे घ्या, मऊ, कडक, चिकट, गरम, गार, जड, तेही तसेच. आणि 'ईत'वाले शब्द, कुरकुरीत, खुसखुशीत, लुसलुशीत, खरखरीत, गुळगुळीत, बुळबुळीत, भुसभुशीत, झणझणीत, मिळमिळीत, एकही बदलत नाही, आणि शिवाय बोलताना तोंडालाच मजा येते. मूल आधी हे शंभर वेळा बिनचूक बोललं की त्याला विश्वास येतो की मला असं बोलता येतं, मग मोठा-मोठी-मोठं आलं तरी ते घाबरत नाही.

त्यामुळे पहिली शाळा स्वयंपाकघरात, आणि इंदूरला राहून खाण्यावरून शिकवायचं नाही तर कशावरून शिकवायचं. सकाळच्या पोह्यांवर शेव घातल्याघातल्या एक घास आणि पाच मिनिटांनी एक घास, पहिली शेव कुरकुरीत, नंतरची मऊ पडलेली. जिलबी गरम असताना कुरकुरीत, संध्याकाळपर्यंत ठेवली की चिवट. हिवाळ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, मिळतो तेव्हा तर सोडूच नका, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, वर जीरावण मसाला घातला की तिखट-आंबट, एकाच फोडीत चार शब्द. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, तो मऊ, दुधाचा, कणसाचा दाणा मात्र भाजला की कडक. पण हे करताना 'कसा आहे सांग' असं विचारू नका. 'कसं' हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलाला फार मोठा पडतो, त्याचं उत्तर 'छान'च येणार. दोन शब्द पुढे करा, कुरकुरीत आहे की मऊ? त्याला फक्त निवडायचंय. काही दिवसांनी तीन शब्द, मग कधीतरी तुम्ही गप्प बसा आणि तोच म्हणेल. 'छान' म्हणायला बंदी घालायची गरज नाही, 'छान कुरकुरीत का छान गोड' असं त्याच्या 'छान'लाच पुढे शेपूट जोडून द्या.

आणि नमकीनचं दुकान. मला वाटतं विशेषण शिकवायला यापेक्षा चांगली जागा आपल्या शहरात नाही, कारण तिथे विशेषणावाचून खरोखरच काम अडतं. 'शेव द्या' म्हटलं की दुकानदार लगेच विचारणार कुठली, बारीक का जाड, तिखट का फिकी, लसणाची का लवंगेची. घरून निघताना मुलाला सांगा, आजोबांना तिखट चालत नाही, त्यांच्यासाठी फिकी बारीक शेव तू मागायचीस. तो तिथे हिंदीतच मागेल, 'फीकी वाली, बारीक', मागू दे, दुकानात मराठीचा हट्ट धरायचा नाही, तिथली भाषा ती आहे. घरी आल्यावर तो आजोबांना सांगेल काय आणलं, ते मराठीत. हाच खेळ मग घरी, चार डब्यांत चार प्रकार, कधी तो दुकानदार कधी तुम्ही, आणि तुम्ही गिऱ्हाईक झालात की मुद्दाम अर्धवट मागा, 'भैया, शेव द्या', त्याला विचारू दे 'कुठली?' कारण प्रश्न विचारणाऱ्यालाही तो फरक डोक्यात धरावाच लागतो.

स्पर्शासाठी कापडी पिशवीचा खेळ, तो तुम्हाला माहीत असेलच, आत हात घालून न बघता सांगायचं. पिशवीत काय ठेवायचं ते महत्त्वाचं, नारळाची शेंडी, कापूस, नदीतला गोटा, विटेचा तुकडा, साबणाची वडी, जुना टॉवेल आणि रेशमी काठाचा तुकडा. मॉन्टेसरी पद्धतीत यासाठी तयार पाट्या असतात, अर्धी खरखरीत अर्धी गुळगुळीत, आणि शिकवायची रीत तीन पायऱ्यांची, जी मुळात सेग्वँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरची, आधी आपण सांगायचं 'हे खरखरीत, हे गुळगुळीत', मग विचारायचं 'खरखरीत कुठलं, दाखव', आणि सगळ्यात शेवटी 'हे कसं आहे?' पालक बहुतेक पहिल्या पायरीवरून सरळ तिसरीवर उडी मारतात आणि मूल गप्प बसलं की त्याला येत नाही असं धरतात. मधली पायरी भरपूर खेळा, दाखव, दे, लपव, उशीखाली ठेव, आजीला नेऊन दे. आणि महागडी साधनं विकत आणायची काहीच गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून पालघरकडच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला गरीब आणि आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या आजूबाजूला मिळेल त्या वस्तूंवर, बिया, पानं, दगड, शिंपले. आपल्याकडे शिंपले नाहीत तर काळी माती आहे. कुंडीतली माळव्याची माती पावसात ओली असताना हातात द्या, चिकट, बोटांना सोडत नाही, आणि तीच मे महिन्यात दाखवा, टणक, भेगा पडलेली, आणि खुरप्यानं उकरून जरा खत घातलं की भुसभुशीत. वस्तू तीच, विशेषण बदललं, हे मुलाला कळणं फार मोठी गोष्ट आहे. वस्तूचं नाव चिकटलेलं असतं, विशेषण येतं-जातं.

रंगांचं थोडक्यात. रंग ओळखणं सोपं वाटतं पण नावं पक्की व्हायला वेळ लागतो, चार वर्षांचं मूलसुद्धा निळा-हिरवा उलटं सांगतं. 'लाल फुगा बघ' यापेक्षा 'फुगा बघ, लाल आहे' असं म्हणून पाहा, आधी नजर फुग्यावर जाते मग रंग ऐकू येतो, माझ्या वर्गात हे नेहमी जास्त चाललंय. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, बघून राजवाड्यापासून घरी आलात की कपड्यांवरच्या डागांवरून रंग ओळखायला लावा, त्यासारखी उजळणी नाही. फक्त एक लक्षात ठेवा, बाकी सगळे शब्द चांगले येतायत पण लाल-हिरव्यात किंवा तपकिरी-हिरव्यात पाच वर्षांनंतरही कायम गोंधळ होतोय, तर रागावण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंग ओळखण्याची टेस्ट करून घ्या, रंगांधळेपणा मुलांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त असतो आणि बहुतेक घरात कळतच नाही.

रंगांवरून मराठीची एक श्रीमंती आठवली, ती मुलाला द्यायला विसरू नका. पिवळाधमक, हिरवागार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र, निळाशार, लालभडक. प्रत्येक रंगाचा जोडीदार ठरलेला, हिरवाधमक म्हणत नाही कुणी, आणि मुलांना हे जोड्या लावणं जाम आवडतं, मुद्दाम चुकीचे लावून हसतात, हसू द्या. यात आणखी एक फायदा लपलाय, पुढचा भाग तसाच राहतो आणि आधीचा, 'लाल' सोडला तर, नामाप्रमाणे बदलतो, पिवळाधमक झेंडू, पिवळीधमक साडी, पिवळंधमक लिंबू, म्हणजे न कळत लिंगाची प्रॅक्टिस होते, आणि शब्द ठेक्यात असल्यामुळे चूक कानालाच खटकते. तसेच थंडगार, मऊसूत, लांबलचक, कोराकरकरीत, गरमागरम. हे शब्द आपल्या पिढीच्या बोलण्यातून कमी झालेत, आजीकडे आहेत, तेव्हा आजीला मुलाशी हिंदीत बोलू देऊ नका, खरंच कळकळीनं सांगते, कित्येक आज्या नातवाला सोपं जावं म्हणून हिंदीवर येतात आणि घरातला सगळ्यात मोठा साठा बंद होतो.

आता मोठा-लहान, आणि तुमची 'मोठी घर'. आधी आकाराचं बघू मग लिंगाचं. 'मोठा' या एका शब्दात मुलं सगळं कोंबतात, उंच, लांब, रुंद, जाड, खोल, सगळं मोठं. राजवाड्यासमोर उभं राहून मूल म्हणेल केवढा मोठा, तिथे तुम्ही म्हणा 'हो, किती उंच', आणि मजले मोजायला लावा, सात आहेत, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. खालचा, वरचा, मधला, शेवटचा हीसुद्धा विशेषणंच, आणि मुलाला ती मोठा-लहानपेक्षा रोज जास्त लागतात, मधला कप्पा, वरची फळी, मागचं चाक. उंच झाला की मग दोरी-रिबिनीवर लांब, पुस्तकांवर जाड, बादली-टबवर खोल. एका वेळी एकच. विरुद्धार्थी जोडी पहिल्याच दिवशी द्यायची घाई करू नका, खरखरीत-गुळगुळीतला चालतं कारण हाताला ते इतकं वेगळं लागतं, पण जाड-पातळ एकदम दिलं तर पुष्कळ मुलं अदलाबदल करतात आणि मग ते महिनोन्महिने सुटत नाही. 'हे पुस्तक जाड, हे जाड नाही' एवढ्यावर काही दिवस राहा, 'पातळ' नंतर येऊ दे.

आणि विरुद्धार्थी शब्दांची यादी पाठ करून घेऊ नका, कारण मराठीत उलटा शब्द नामावर ठरतो. पातळ कागदाच्या उलट जाड, पण पातळ ताकाच्या उलट घट्ट. बारीक दोरीच्या उलट जाड, बारीक पिठाच्या उलट भरड. ओल्या नारळाच्या उलट सुका, ओल्या टॉवेलच्या उलट कोरडा किंवा वाळलेला. जुन्या सायकलच्या उलट नवी, म्हाताऱ्या माणसाच्या उलट तरुण. यादीत जाड-बारीक एवढंच लिहिलेलं असतं आणि ते पाठ केलेलं मूल एक दिवस 'बारीक ताक' म्हणतं. त्याची चूक नाही, वस्तू दाखवलीच नव्हती.

चार-पाच वर्षांच्या मुलाला करून बघण्यासारखी एक गंमत म्हणजे एकात एक बसणारे तीन डबे. मोठा आणि लहान त्याला लगेच कळतात, मग मधला घ्या, तो लहानाशेजारी ठेवला की मोठा आणि मोठ्याशेजारी ठेवला की लहान. पहिल्यांदा काही मुलं चिडतात, आत्ता तर मोठा म्हणालात! इथेच 'पेक्षा' द्यायचा, 'हा याच्यापेक्षा मोठा, त्याच्यापेक्षा लहान', आणि तिन्हीत 'सगळ्यात मोठा'. सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, तो भलामोठा जलेबा मिळतो, त्याच्याशेजारी नेहमीची जिलबी धरली की हे तोंडपाठ करायची गरजच उरत नाही.

लिंगाचं आता. चहा, आवाज, पाऊस, डोळा आपल्याकडे पुल्लिंगी, हिंदीत चाय, आवाज, बारिश, आँख सगळ्या स्त्रीलिंगी. नाक आणि पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. घर, दूध, पाणी, फूल, झाड हिंदीत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. त्यामुळे 'चांगली चहा', 'मोठी आवाज', 'जोराची पाऊस' हे मुलाचं दुर्लक्ष नाही, त्याच्या डोक्यात एक व्यवस्था पक्की बसलीये आणि तीच तो मराठीला लावतोय, हुशारीचंच काम आहे ते. (तुमच्या मुलाचं 'मोठी घर' मात्र हिंदीनंही येत नाही, तिथे 'बडा घर' आहे, तो बहुधा 'मोठं' ऐकून गोंधळतोय आणि हाताशी येईल तो शेवट लावतोय, पुष्कळ मुलं करतात.) यावर 'मोठी नाही, मोठं म्हण' आणि दहादा रिपीट करायला लावणं, हे मला मुळीच पटत नाही. तो म्हणाला 'आत्याकडे मोठी घर आहे', तर तुम्ही म्हणा 'हो ना, केवढं मोठं घर आहे, मोठं अंगण पण आहे, आणि आपलं घर? आपलं छोटं घर, पण हवेशीर.' एवढ्यात कितीतरी वेळा बरोबर रूप कानावर पडलं आणि त्याचं बोलणंही थांबलं नाही.

सोबत एक खेळ. जमिनीवर खडूनं तीन गोल काढा, तो, ती आणि ते. स्वयंपाकघरातल्या वस्तू आणा, तो चमचा, ती वाटी, ते ताट, तो डबा, ती बरणी, ते झाकण, आणि मग टिफिन, बस, बॅग, टेबल, पेन हे इंग्लिश शब्दही, कारण मूल दिवसभर तेच बोलतं. आधी फक्त तो-ती-ते करून गोलात ठेवायचं, विशेषणाचं नावच काढायचं नाही. ते बसलं की मग तो मोठा, ती मोठी, ते मोठं हे त्याच ठेक्यात येतं. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग हे शब्द पाच वर्षांच्या मुलासमोर उच्चारू नका. अनेकवचनाची आणि 'मोठ्या डब्यात'सारख्या रूपांची काळजी आत्ता करायची नाही, 'मोठे डब्यात' म्हणेल काही दिवस कारण हिंदीत 'बडे डिब्बे में' आहे, पण मराठीत विभक्ती लागली की तिन्ही लिंगांना एकच 'मोठ्या' होतो, मोठ्या डब्यात, मोठ्या वाटीत, मोठ्या ताटात, तेव्हा ते उलट लवकर सुटतं.

भावनांचे शब्द राहिले, ते शाळेच्या शीटमध्ये 'आनंदी-दुःखी' एवढेच असतात. मुलाचा दिवस या दोन शब्दांत मावत नाही. शाळेतून आल्यावर तो दप्तर फेकतो तेव्हा तो दुःखी नसतो, दमलेला असतो नाहीतर भुकेला, कधी कंटाळलेला, कधी व्हॅनमध्ये कुणी काही बोललं म्हणून हिरमुसलेला. त्या क्षणी शिकवायला जाऊ नका, संध्याकाळी शांत झाल्यावर म्हणा, दुपारी तू दमलेला होतास ना. आणि एक गोष्ट जरा कडक सांगते, मूल सगळ्यात जास्त विशेषणं स्वतःबद्दलचीच ऐकत असतं, हट्टी, लाजाळू, आळशी, वेंधळा, पाहुण्यांसमोर तर नक्कीच. ती पण ते शिकतं आणि खरी मानतं. 'हुशार'सुद्धा जपून, 'हा मनोरा तू केवढा उंच रचलास' यात विशेषण मनोऱ्याला लागतं, मुलाला नाही, आणि मुलाला आनंद तेवढाच होतो.

शाळेच्या इंग्लिश वर्कशीटची चिंता करू नका. ज्या मुलाच्या हाताला खरखरीत माहीत आहे त्याला 'रफ' हा शब्द एका मिनिटात येतो, फक्त नवीन नाव चिकटवायचं असतं. उलटं होत नाही. व्याख्या, 'नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द' वगैरे, ती वाचता-लिहिता आल्यावर. सहा-सात वर्षांचा झाला की मॉन्टेसरीतली चिन्हं देता येतात, नामावर मोठा काळा त्रिकोण, विशेषणावर त्याहून लहान निळा त्रिकोण, वाक्यपट्टीवर मूल स्वतः ठेवतं, आणि व्याकरण हाताला लागतं.

आता ताई. तिसरीतल्या मुलीला शब्द कमी आहेत म्हणून ती 'सुंदर' लिहीत नाही, निबंधात असंच लिहायचं असतं असं तिला वाटतं म्हणून लिहिते, आणि बहुतेक ठिकाणी त्याला बरोबरची खूणही मिळते. तिच्याबरोबर पडद्याचा खेळ खेळा, दोघं भावंडं मध्ये उशी ठेवून बसतील, तिच्यासमोर एक चित्र, ती सांगेल आणि हा न बघता काढेल. 'एक सुंदर घर काढ' म्हटलं की हा काहीही काढेल, आणि चित्रं जुळणार नाहीत, तेव्हा तिला आपोआप म्हणावं लागेल की उतरतं छप्पर, डावीकडे उंच झाड, बुटकं दार. नेमका शब्द तिला तिथे लागतो, आणि धाकट्याला ऐकून समजून घ्यावा लागतो, एका खेळात दोघांचं काम.

मग निबंध घ्या आणि प्रत्येक विशेषणावर बोट ठेवून वाक्य वाचायला सांगा. 'माझी सुंदर आई मला डबा देते', सुंदर झाकलं तर काय कमी झालं, काहीच नाही, मग खोडा. 'आई घाईघाईत मला गरम पोळीचा डबा देते', यातलं 'गरम' झाकून बघू दे, काहीतरी गेलं असं तिलाच वाटेल, ते राहू दे. एका पानावर चार विशेषणं उरली तरी चालतील. आणि गाय सुंदर आहे असं तिला खरंच वाटत असेल तर लिहू दे, फक्त पुढच्या वाक्यात गायीचं काय सुंदर आहे ते विचारा, काळेभोर डोळे, की मानेखालची लोंबती पोळी, की कपाळावरचा पांढरा ठिपका, आणि ती जे सांगेल तेच वहीत लिहायला लावा.